न्यूयॉर्क सबवेत आरपार गाडी आली! आर२११टी (पहिल्याच दिवशी बसून आलो)

थर्ड_रेल | १ फेब्रुवारी २०२४

मंडळी, आज हापिसात "जरा कसकसतंय" असं कळवून टाकलं आणि सकाळपासून सी ट्रेनच्या मागे फिरलो, आत्ता घरी येऊन चहा टाकलाय आणि थेट लिहायला बसलोय, तेव्हा शुद्धलेखन माफ करा.

तर न्यूयॉर्क सबवेच्या आर२११टी जातीच्या गाडीने आजपासून पॅसेंजर घ्यायला सुरुवात केली. आर२११ची साधी बहीण, आर२११ए, गेल्या वर्षी १० मार्चला ए लाइनवर आलीच होती. ही टी वेगळी का, तर हिच्यात डब्या-डब्यांच्या मधे भिंतच नाही. एका टोकाला उभं राहा, दुसऱ्या टोकापर्यंत दहाच्या दहा डबे आरपार!

जे स्ट्रीट-मेट्रोटेकला पाऊण तास उभा होतो. चार गाड्या सोडल्या. प्लॅटफॉर्मवर आमच्यासारखे पंधरावीस येडे, कॅमेरे, ट्रायपॉड, एक आजोबा चक्क घडीची खुर्ची घेऊन. बोगद्यात उजेड दिसला की सगळे वाकून बघणार आणि जुनी गाडी निघाली की "ऑऽऽ" करून परत भिंतीला टेकणार. शेवटी ती आली, निळं तोंड, पिवळे पट्टे, पांढरेफेक दिवे. टाळ्या वाजल्या हो! मोटरमनने हॉर्न दिला. बाकीचे प्रवासी, बिचारे कामावर निघालेले, आमच्याकडे बघून नेमकं मेलंय तरी कोण असा चेहरा करून आत शिरले.

आत गेल्यावर मी सरळ जोडावर जाऊन उभा राहिलो. दोन्ही बाजूला राखाडी घड्यांचा भाता, पेटीचा असतो ना तसा, आणि पायाखाली पत्र्याची सरकती प्लेट. गाडी वळणात शिरली की एका बाजूच्या घड्या मिटतात, दुसऱ्या बाजूच्या उघडतात, आणि डावा पाय एका डब्यात उजवा दुसऱ्यात असं असेल तर कमरेतून कुणीतरी हळूच पिळतंय असं वाटतं. पण खरी मजा हाय स्ट्रीट सोडल्यावर. तिथून ईस्ट रिव्हरखालचा बोगदा लागतो, रूळ आधी खाली उतरतात मग चढतात. मी मागे होतो. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्या डब्यांची जमीन खाली वाकत गेली, माणसं पायांपासून बुडत गेल्यासारखी दिसली आणि थोड्या वेळाने पुढचा डबा वर चढायला लागला तेव्हा परत उगवली. इतकी वर्षं या बोगद्यातून जातोय, नदीखाली उतार आहे हे आज पहिल्यांदा *दिसलं*.

फोटो उद्या चढवतो.

---

उकडीचा_मोदक | २ फेब्रुवारी

शीर्षकात सबवे वाचून वाटलं मिलन सबवेत परत काहीतरी अडकलं. म्हणलं फेब्रुवारीत कसं काय पाणी भरलं 😄

---

घाटकोपरचा_गार्ड | २ फेब्रुवारी

हाबिनंदन वगैरे ठीक आहे पण राग मानू नका, यात एवढं टाळ्या वाजवण्यासारखं काय आहे? आमच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत जून २०१४ पासून डबे आरपारच आहेत. पहिल्या दिवसापासून. रोज संध्याकाळी घाटकोपरला जिना जिथे पडतो त्या दारापाशी पोचायला पब्लिक आतल्या आत चालत सुटतं, कोणी भात्याचा फोटो काढत नाही. दिल्लीवाले तर अजून आधीपासून. अमेरिकेला २०२४ उजाडावं लागलं?

---

थर्ड_रेल | २ फेब्रुवारी

गार्डसाहेब, टोमणा मान्य 🙏 पण जरा हिशेब बघा. तुमची मेट्रो कोरी पाटी होती, गाडी, रूळ, स्टेशन सगळं एकाच वेळी एकमेकांच्या मापाने बनवलं. इथे सबवे चालू झाली १९०४ला, वेगवेगळ्या कंपन्यांनी आपापल्या मापाचे बोगदे खणले, त्यामुळे आजही नंबरवाल्या लाइनची गाडी अरुंद आणि अक्षरवाल्या लाइनची रुंद. नवीन डबा घ्यायचा तर शंभर वर्षं जुन्या वळणांना विचारून घ्यावा लागतो. ए, सी वगैरे लाइनीवर आत्ता ज्या आर४६ गाड्या आहेत (१९७५ ते ७८च्या, पुलमन स्टँडर्डच्या), त्यांचा एकेक डबा ७५ फुटी. एवढा लांब डबा वळणावर टोकाला इतका बाहेर फेकला जातो की एका डब्यातून दुसऱ्यात जायची दारंच कुलूप लावून ठेवलीत. म्हणजे एसी बंद पडलेल्या डब्यात सापडलात की पुढचं स्टेशन येईस्तोवर घामाच्या धारा, आणि हा डबा रिकामा का होता हे दार लागल्यावर कळतं!

आर२११चा डबा ६० फुटी. म्हणून ही चैन परवडली.

---

शंकासुर_सदाशिव | २ फेब्रुवारी

लेख उत्साहाने लिहिलेला आहे. तथापि दोन दुरुस्त्या.

१. 'दहाच्या दहा डबे आरपार' हे विधान चूक आहे. दहा डब्यांची गाडी म्हणजे पाच-पाच डब्यांचे दोन संच. आरपार जाता येते ते प्रत्येक संचात. पाचव्या आणि सहाव्या डब्यांची तोंडे जिथे मिळतात तिथे दोन्हीकडे केबिन आहे, तिथून पुढे आपण जाऊ शकला नसता. म्हणजे आपल्याला दिसले ते तीनशे फूट, सहाशे नव्हे.

२. 'न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा' असे आपण स्पष्ट लिहिले नाही, पण सूर तसा आहे. बीएमटी कंपनीने १९२५ मध्ये 'ट्रिपलेक्स' नावाच्या गाड्या आणल्या होत्या, तीन डबे मिळून चार बोगी (बोगी म्हणजे इथे डब्याखालचा चाकांचा सांगाडा), मधून ये-जा करता येत असे. त्या १९६५ पर्यंत धावल्या. तेव्हा ही गोष्ट आली नाही, परत आली.

बाकी चालू द्या.

---

थर्ड_रेल | २ फेब्रुवारी

शंकासुर, दंडवत. पाचच डबे हे बरोबर, मी त्या केबिनच्या दारापर्यंत गेलो होतो आणि तिथे परत फिरलो, लिहिताना उत्साहात दहा झाले. 🙈 मूळ धागा बदलत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद लोंबकळत राहील.

---

टाळकुटे | २ फेब्रुवारी

शंकासुर यांनी एखाद्या धाग्यावर दुरुस्ती केली नाही तर तो धागा अधिकृत मानू नये असा ठराव मांडतो.

---

आमटीभात | ३ फेब्रुवारी

वाचनमात्र असते पण या विषयावर बोलायलाच पाहिजे. तुम्ही सगळे भात्यावर लट्टू झालात, मला विचाराल तर आर२११ची खरी कमाई म्हणजे तिचं दार. आधीचं दार ५० इंच, हिचं ५८. आठ इंच म्हणजे काय ते बाबागाडी ढकलणाऱ्या बाईला विचारा. मी ब्रुकलिनमध्ये राहते, मुलगी दीड वर्षाची, आणि जुन्या गाडीत दाराच्या दोन्ही कडांना एकेक माणूस खांद्याने चिकटून उभा असतो, तो हलणार नाही म्हणजे नाही, जणू भाडं भरून ती जागा घेतलीये, मग मधल्या फटीतून बाबागाडी घालायची तर एकीकडे चाक अडकतं तोवर "स्टँड क्लिअर ऑफ द क्लोजिंग डोअर्स" सुरू. नव्या गाडीत ते दोन द्वारपाल तसेच उभे असतात, पण मधून मी जाते. शांतपणे.

शिवाय टोकाच्या काही सीट घडी करून वर लावता येतात, तिथे व्हीलचेअर किंवा बाबागाडी राहते. आता गाडीत चढणं सोपं झालं पण स्टेशनात लिफ्ट नाही, चाळीस पायऱ्या गाडी उचलूनच उतरायची, ते दुखणं वेगळ्या धाग्यावर काढेन.

---

घाटकोपरचा_गार्ड | ३ फेब्रुवारी

ताई, आमच्या लोकलला दार उघडंच असतं, त्यामुळे दार उघडायला लागायला वेळ शून्य, आणि चढवायला मागचे दहा जण फुकट 😄

जोक राहू द्या, दार रुंद केल्याने गाडी स्टेशनात किती कमी थांबते याचा काही आकडा आहे का?

---

थर्ड_रेल | ३ फेब्रुवारी

एमटीए (सबवे चालवणारी संस्था) म्हणते थांबण्याचा वेळ ३२ टक्क्यांनी कमी व्हावा. हा अपेक्षित आकडा. पण दारांची मोजदाद आपली आपण करता येते. जुनी गाडी ७५ फुटी आठ डब्यांची, नवी ६० फुटी दहा डब्यांची, लांबी दोन्हींची सहाशे फूट. डब्याला एका बाजूला चारच दारं, जुन्यातही नव्यातही. म्हणजे जुन्या गाडीला एका बाजूने ३२ दारं, नवीला ४०. दारं आठने जास्त आणि प्रत्येक दार आठ इंचाने रुंद. सत्तरच्या दशकात लांब डबे घेतले ते कमी डब्यांत गाडी पूर्ण होते, खर्च वाचतो म्हणून. तेव्हा वाचवलेले पैसे पन्नास वर्षं प्लॅटफॉर्मवर मिनिटामिनिटाने फेडले.

---

एडिसनकर_काका | ४ फेब्रुवारी

थर्ड रेल, तुझा लेख दोनदा वाचला. मी १९८४ साली इथे आलो, पहिली काही वर्षं क्वीन्समध्ये काढली, आता न्यू जर्सीत. म्हणजे तुम्ही ज्याला जुनी गाडी जुनी गाडी म्हणताय ती आर४६ मी आलो तेव्हा सहा-नऊ वर्षांची तरुणी होती, फक्त तोंडाला रंग फासलेला. रंग म्हणजे ग्राफिटी रे. बाहेरून अख्खा डबा, आतून छत, नकाशा, खिडक्यांच्या काचा सगळं मार्करने गिचमिड केलेलं. कुठलं स्टेशन आलं ते काचेतून दिसायचं नाही, मी स्टेशनं मोजत बसायचो, चरनी रोड ते अंधेरी झोपेत मोजणारा माणूस मी, पण इथे एक्सप्रेस लोकलचं गणित चुकलं की मोजणी कोसळायची. १९८९च्या मे महिन्यात रंगवलेली शेवटची गाडी लाइनीवरून काढली. त्या वर्षी मला पहिल्यांदा खिडकीतून नीट बाहेर दिसलं.

आणि म्हणूनच मला या नव्या गाडीबद्दल एक सांगायचंय, कोणीच बोललं नाही ते. आर४६मध्ये काही सीट आडव्या असतात, केशरी-पिवळ्या, दोघांच्या, एक खिडकीला लागून. म्हणजे विंडो सीट! आर२११मध्ये सगळ्या सीट भिंतीला पाठ लावून. समोरच्याच्या बुटांकडे बघत बसा. गर्दी जास्त मावते हे मला कळतं, पटतंही, पण ए ट्रेन हॉवर्ड बीच सोडून जमैका बेवर येते ना, दोन्ही बाजूंना पाणी, बगळे, त्या पलीकडे जेएफकेला उतरणारी विमानं, तिथे खिडकीशी बसलेला माणूस आणि मान वाकडी करून पाठीमागे बघणारा माणूस यात फरक आहे की नाही? सँडी वादळात २०१२ला हा रस्ता वाहून गेला होता, पुढच्या वर्षी मे अखेरीस परत सुरू झाला, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. त्या केशरी सीटवर. तिकीट तेच, फिरणं बोटीचं.

मुलगा म्हणतो बाबा तुम्ही सीटसाठी काहीही बोलता. त्याला काय माहीत, मरीन लाइन्सला समुद्राकडची खिडकी मिळावी म्हणून आम्ही काय काय केलंय.

---

आमटीभात | ४ फेब्रुवारी

काका 🙏🙏

---

टाळकुटे | ४ फेब्रुवारी

काकांना बिनशर्त पाठिंबा. विंडो सीट हा मूलभूत हक्क आहे, त्यानंतर चौथी सीट हा उदरनिर्वाह.

---

शंकासुर_सदाशिव | ४ फेब्रुवारी

काकांचा प्रतिसाद आवडला. दुरुस्ती नाही.

(टाळकुटे यांनी नोंद घ्यावी.)

---

घाटकोपरचा_गार्ड | ५ फेब्रुवारी

काका, शब्द मागे घेतो, टाळ्या वाजवा लेको काय वाजवायच्या त्या. आमच्याकडे डिसेंबर २०१७ला पहिली एसी लोकल आली, बोरिवली-चर्चगेट, तेव्हा आम्हीही नाताळच्या दिवशी घरच्यांच्या शिव्या खाऊन गेलोच होतो. आणि त्याच्या आधी २०१६ला हार्बरवर जुन्या डीसी विजेवर चालणारी शेवटची लोकल गेली तेव्हा मोठी माणसं डोळे पुसत होती. त्या जुन्या रेकची मोटर सुटताना जो गुरगुरत वर जाणारा आवाज काढायची तो माझ्या फोनमध्ये अजून रिंगटोन आहे. बायको म्हणते कुणीतरी दळण दळतंय.

आवाजावरून आठवलं, आर२११ सुटताना कशी वाजते? रेकॉर्डिंग केलंय का?

---

थर्ड_रेल | ५ फेब्रुवारी

केलंय पण त्यात मागे एक पोरगं "मॉम, देअर्स नो डोअर" असं सतत ओरडतंय. सुटताना आवाज बारीक, गुळगुळीत, एकदम वर चढतो, जुन्या गाडीसारखा हिसडा नाही. खरं सांगू का, गाडी चांगली, आवाजाला चव नाही. २, ४, ५ लाइनीच्या गाड्या सुटताना तीन सूर लागतात, ते कसे, डोळे मिटूनही कळतं कुठली गाडी निघाली. तसं हिला ओळखता येणार नाही.

आणि समोरची काच! २०२२च्या जानेवारीत आर३२ गेल्या, १९६४च्या स्टेनलेस स्टीलच्या गाड्या, त्यांच्या पुढच्या दाराला काच असायची, नाक लावून उभं राहिलं की बोगदा अंगावर यायचा. हिच्यात केबिन अख्ख्या रुंदीची, पुढचं काही दिसत नाही. माझं मत असं झालंय की समोरचं बघणं काढून घेतलं आणि बदल्यात आतलं दिलं. डब्याच्या आत इतक्या लांबवर नजर जाते की तुम्ही आपोआप माणसंच बघत बसता. परवा तीन डबे पलीकडे एक पोरगा खांबाला उलटा लटकून "शोटाइम" करत होता, इथे डब्यात येऊन कसरत दाखवून पैसे मागतात ना ते. पूर्वी एका डब्याचं गिऱ्हाईक मिळायचं, आता बिचाऱ्याला पाच डब्यांचं थेटर मिळालं. लोकांनी तो आपल्याकडे पोचायच्या आत झोपेचं सोंग घेतलं, एवढी मोठी पूर्वसूचना आधी कधी मिळाली नव्हती.

---

उकडीचा_मोदक | ५ फेब्रुवारी

आणि वास?

---

थर्ड_रेल | ५ फेब्रुवारी

पाचही डब्यांत समान वाटप. पण चालत लांब तर जाता येतं.

---

शंकासुर_सदाशिव | ६ फेब्रुवारी

अवांतर एक. थर्ड रेल, पुढच्या वेळी प्लॅटफॉर्मच्या मधोमध छताला टांगलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फळीकडे लक्ष द्या. गाडी थांबली की मधल्या केबिनमधला कंडक्टर खिडकीतून हात काढून त्या फळीकडे बोट दाखवतो. फळी बरोबर समोर आली म्हणजे गाडी पूर्ण प्लॅटफॉर्मला लागली, मगच दारे उघडायची. आपण ज्या केबिनच्या दारापासून परत फिरलात ती हीच. म्हणजे तुमचे दहा डबे जिथे तुटतात तिथे एक माणूस कामावर बसलेला असतो.

---

थर्ड_रेल | ६ फेब्रुवारी

बघितलंय हो, रोज बघतो, पण त्या केबिनमुळे गाडी तिथे तुटते हे कधी जोडून बघितलं नव्हतं. मानलं.

---

थर्ड_रेल | १६ नोव्हेंबर २०२५

धागा वर काढतोय. दरम्यान बरंच झालं. आर२११चा एस प्रकार स्टेटन आयलंडला लागला, तिथे १९७३पासूनच्या आर४४ गाड्या होत्या. आरपार गाडी आता जी लाइनवरही दिसते, ती लाइन पाचच डब्यांची, म्हणजे शंकासुरांची केबिन मधे येत नाही, अख्खी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत! आणि गेल्या डिसेंबरात ४३५ डब्यांची आणखी ऑर्डर मंजूर झाली, त्यातले ८० आरपारवाले. सुरुवातीला फक्त २० घेतले होते, करून बघू म्हणून.

काका आहात का?

---

घाटकोपरचा_गार्ड | १७ नोव्हेंबर २०२५

आणि आमची भुयारी मेट्रो विसरलात काय? ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड पूर्ण सुरू, साडेतेहतीस किलोमीटर, आठ डबे, आणि शंकासुरांनी मोजून घ्यावेत, आठही आरपार.

---

एडिसनकर_काका | १९ नोव्हेंबर २०२५

आहे रे आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून गायब होतो.

दिवाळीला मुंबईत होतो. भाच्याने त्या मेट्रोने नेलं. गिरगाव स्टेशन! मी ज्या गल्लीत क्रिकेट खेळलो तिच्या खाली गाडी धावते. वर आलो तर दोन मिनिटं दिशाच कळेना, ओळखीच्या दोन चाळी जागेवर नाहीत, मग तळलेल्या साबुदाणा वड्यांचा वास आला त्या बाजूला चालायला लागलो आणि बरोबर निघालं. गाडी छानच. थंडगार, स्वच्छ, आठ डबे सलग. भाचा मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवत घेऊन गेला, म्हणे मामा तुमच्या न्यूयॉर्कला आहे का असं? मी म्हटलं आहे, पण पाचच डबे.

सीट मात्र तिथेही भिंतीला पाठ लावूनच. बोगद्यात काय बघणार म्हणा. तरी सवयीने मी वळून काचेत बघितलं तर माझंच तोंड.

इथे परत आल्यावर पहिल्या रविवारी ए ट्रेन पकडून फार रॉकअवेला गेलो. दोन नव्या गाड्या सोडल्या, तिसरी आर४६ आली. खिडकीची सीट एका शाळकरी पोराने धरली होती, कानात ते बोंडूक घालून फोनमध्ये मुंडी. हॉवर्ड बीच गेलं तरी वर बघेना. ब्रॉड चॅनेल यायच्या आधी मी त्याला विचारलं, बाळा, जागा बदलशील का. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा खिडकीकडे, मग म्हणाला "नो, आय लाइक इट हिअर", आणि फोन खिशात ठेवला.

---

टाळकुटे | १९ नोव्हेंबर २०२५

काका, जिंकलात की हरलात?

---

एडिसनकर_काका | १९ नोव्हेंबर २०२५

त्याच्या डोक्यावरून बघितलं. बगळे होते.